आतोबांची फुंकणी

साऱ्या रत्नागिरीत जुन्या मोटारीची नाडी कळणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या दारी साधी सायकलही नव्हती. हे माझे आतोबा, आतेचे यजमान. उभा जन्म बोटींच्या इंजिनखान्यात काढून घरी येऊन बसले, ते गावातल्या मोटारींच्या मागे लागले. मुंबईहून कुणी जुनी मोटार आणली की ती आधी त्यांच्या अंगणात येई. आतेच्या अडकित्त्यानं ते स्प्रिंगचा एकेक पाटा ठोकत. धड पाटा खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. मग जॅकवर चाक उचलायचं, आणि चुलीपुढची पितळी फुंकणी एका टोकानं चाकाच्या मधल्या तुंब्याला, दुसऱ्यानं कानाला लावून आतोबा डोळे मिटणार. आपण चाक फिरवायचं आणि गप्प राहायचं. शंका आलीच तर बेरिंग काढून, घासलेटात धुऊन, कड्याच्या आतून अंगठ्याचं नख फिरवत. आत धुरानं डोळे चोळत आते करवादायची की या मोटारींपायी माझा भात रोज कच्चा राहतो.

माझ्या बहिणीच्या लग्नात वरपक्ष भाड्याच्या सर्व्हिस मोटारीतून आला. व्याही भेटीसाठी हात पसरून उभे, आणि आतोबा नवं उपरणं अंथरून मोटारीखाली! डावा पाटा तडकलाय, यातून पोरगी पाठवायची नाही, एवढंच खालून ऐकू आलं. बहीण बैलगाडीतून सासरी गेली. व्याही दोन वर्षं फुगून होते.

पुढे मीही एक जुनी मोटार घेतली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला लग्नाचं वऱ्हाड न्यायचं ठरलेलं. आतोबांनी फुंकणी लावली, नख फिरवलं आणि म्हणाले की उजव्या पुढच्या बेरिंगच्या कड्याला खळगा पडलाय, नवं येईपर्यंत गाडी हलवू नकोस. मला काही दिसेना, नखाला काही लागेना. माझं डोकं फिरलं. मी फाडकन बोललो, "आतोबा, आता तुमचा कान गेलाय."

ते उठले. फुंकणी पुसून आतेकडे देऊन आले.

मी तरी वऱ्हाड घेऊन निघालो आणि हातखंब्याच्या पुढे चाक अडकलं. घाट अजून लांब होता म्हणून सगळे वाचलो. वऱ्हाड शिव्या देत पालीपर्यंत चालत गेलं. परतल्यावर आतोबांनी विचारलं, गाडी कशी चालली? मेली माझी जीभ! मी म्हटलं, झकास चालली.

त्या दिवसापासून आतोबांनी एकाही मोटारीला हात लावला नाही. कुणी आलं की सांगत, माझा कान गेला हो, दुसरं कुणी बघा. आतेला फुंकणी वेळेवर मिळू लागली, भातही शिजू लागला, पण ती पहिल्यासारखी करवादेना. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. अशी दोन वर्षं गेली.

आतोबा अंथरुणाला खिळले तेव्हा एकदाचं त्या चाकातून काढून ठेवलेलं ते कडं खिशात घालून गेलो आणि काही न बोलता त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटून नख फिरवलं. एका जागी थांबलं.

"हेच ते," ते म्हणाले. "मग दोन वर्षं मला बहिरा का रे ठेवलास?"

 पुढे त्यांनीच विचारलं, गाडी आणली आहेस का? मी हो म्हटलं. आते न सांगता उठली आणि चुलीपुढची फुंकणी घेऊन आली. आतोबांनी ती हातात घेतली, पण अंगणापर्यंत जायची ताकद आता त्यांच्यात नव्हती.