मी लिहिलेलं ‘येस’

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको असती तर तिला तरी सांगितलं असतं का, ठाऊक नाही. बायको नाही, आणि का नाही तेही यात येईलच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून जीभ उचलतेय.

इकडे हिंदी मुलखात, दुर्गाघाटाच्या गल्लीत माझं पितळी मूर्तींचं दुकान आहे. मला ते कुणी दिलेलं नाही. वडिलांनी थोरल्याला, दादाला, वेदपाठशाळेत घातलं आणि मला म्हणाले, तू तुझं बघ. बघितलं. इंग्रजी मी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून शिकलो. ‘मेबी लेटर’ म्हणणारा परत येत नाही आणि ‘टू मच’ म्हणणारा घेतल्याशिवाय जात नाही, हे कुठल्या पुस्तकात आहे? माझ्या इंग्रजीवर कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. एका गाइडला मी याच कारणावरून दुकानाच्या पायरीवरून ढकलला होता. हे लक्षात ठेवा.

आता तो शब्द. माइंड. माइंड म्हणजे मन, डोकं, हे कुणीही सांगेल. पण त्याचं क्रियापद झालं की तो उलटा चालतो. धंद्याच्या सुरुवातीला एका गोऱ्या बाईनं कॅमेरा उचलून मला विचारलं, ‘डू यू माइंड?’ मी दोन्ही हात पसरून म्हणालो, ‘येस, येस!’ बाईचा चेहरा पडला. कॅमेरा खाली, हातातला नटराज खाली, आणि ती निघून गेली. समोरचा पानवाला हसून लोळायचा बाकी होता. ‘अरे गुरू, वो पूछ रही थी, बुरा तो नहीं मानोगे? और तुम बोले, हाँ, मानूँगा!’

त्या दिवसापासून हा धडा अख्ख्या गल्लीत माझ्याइतका कुणाचा पक्का नाही.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी पळवाट शोधीन. माझा स्वभावच तो.

दादाची एकुलती मुलगी रोहिणी. परदेशात शिकायला गेली आणि तिथल्याच मार्टिनशी लग्न केलं. दादानं तिच्याशी बोलणं तोडलं. वहिनी पदर तोंडाला लावून देवघरात बसायची. वर्षं गेली. मग वहिनी विसरायला लागली — आधी गॅसवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं. दादा घाबरला. पोरगी यावी असं त्याला वाटायचं, पण स्वतःहून बोलवायला तोंड उघडेना.

अशात दुकानाच्या नंबरावर मार्टिनचा मेसेज आला. रोहिणीच्या वडिलांना विचारा, म्हणाला — ‘वुड ही माइंड इफ वी केम होम?’

मी ब्रह्मा घाटावर घरी गेलो. आम्ही एकाच घरात राहतो, दादा वर, मी खाली. दादा सोवळ्यातच होता. मी सांगितलं, येऊ का म्हणून विचारतायत. तो ताडकन उठला. ‘मग बघतोस काय, बंडू? लिही ना! येस लिही. एवढं इंग्रजी मलाही येतं!’ वहिनी आतून म्हणाली, ‘भाऊजी, विचारा हो, जावयाला तिखट चालतं का?’

आणि मला सुधा आठवली.

सुधा शिवणकाम करायची. दुसऱ्या जातीची होती. तिला घरी आणायचं म्हणून मी दादापुढे उभा राहिलो होतो, तेव्हा त्यानं गंध उगाळता उगाळता, मान वर न करता म्हटलं होतं — ‘नको.’ एवढंच. आणि मी, जो येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडतो, मी भांडलो नाही. घाटावर जाऊन तिला नाही म्हणून आलो. त्याचा राग मी दादावर ठेवला. माझ्यावर का नाही ठेवला? मला बंद असलेलं दार आता सातासमुद्रापारच्या माणसाला सताड उघडत होतं, आणि उघडणारा हसत होता.

मी लिहिलं — ‘येस.’

दादानं सांगितलं तेच. पुढे ‘कम’ लिहायला किती वेळ लागला असता? बोट फोनवरच होतं. नाही लिहिलं. दादाच्या देखत, त्याच्याच शब्दानं, मी त्याच्या मुलीला दारातून परत पाठवलं.

थोड्या वेळानं उत्तर आलं. समजलं, आम्ही त्यांना पुन्हा त्रास देणार नाही. मी ते पुसलं. दादाला म्हणालो, सुट्टी मिळाली की येतील. वाटलं होतं, एक रात्र तडफडू दे याला, उद्या नीट लिहीन. उद्या लिहिलं नाही. नंतर लिहायचं म्हणजे आधीचं सांगावं लागलं असतं. वहिनी वरची खोली झाडत राहिली. पुढे पुढे खोली कुणासाठी झाडतोय हेही तिला आठवेना, तरी झाडायची.

या थंडीत रोहिणी एकटीच आली, न विचारता. वहिनीनं दार उघडलं, हात जोडले आणि म्हणाली, ‘आइए बहनजी. दर्शन हो गया?’

आमच्या घरात मराठी घरच्यांसाठी असते. हिंदी बाहेरच्यांसाठी.

रोहिणी पायरीवरच बसली. मग दादावर ओरडली, ‘तुम्हीच नको म्हणालात, बाबा!’ दादा म्हणाला, ‘मी? अगं, मी येस म्हणालो!’ त्या ‘येस’नं काय घोटाळा केला ते तिला कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण मी बोलायच्या आत दादाच म्हणाला, ‘जाऊ दे गं. बंडूला काय कळणार त्यातलं? त्याचं सगळं घाटावरचं इंग्रजी.’

गाइडला ढकलणारा मी. मान खाली घातली आणि म्हणालो, ‘मला कुठं येतं, दादा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली, माझ्याजवळ बसली. डोळे सुजलेले, आवाज मऊ. ‘काका, वाईट वाटून घेऊ नका. पुष्कळांचं चुकतं. माइंड म्हणजे हरकत असणं. कुणी विचारलं, वुड यू माइंड, आणि त्यानं यावं असं वाटत असेल, तर काय म्हणायचं? नो. म्हणा बघू.’

समोर पानवाला चुना लावत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

‘नो,’ मी म्हणालो. ‘नो म्हणजे या.’

‘शाब्बास, काका,’ ती म्हणाली.