शेवंताबाईंचा गळा आणि एकशेसाठ अंश

"आवाजात दमच नाही. दुसरी गायिका आणा," नागपूरहून आलेले निर्माते म्हणाले. शेवंताबाई समोरच बसल्या होत्या. राजूरच्या, तीस वर्षं भीमगीतं गाणाऱ्या. स्वतःच्या नावानं निघणारं हे त्यांचं पहिलंच गाणं. माझं डोकं फिरलं.

वणीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी साउंड इंजिनिअर आहे. रेकॉर्डिंग माझं होतं. मिक्सिंग, म्हणजे गळा आणि वाद्यं एकत्र बसवणं, निर्माते साहेबांनी हट्टानं स्वतः केलं. हेडफोनवर गाणं झकास. जाहिरातीच्या ऑटोवरच्या भोंग्यावर लावलं, तर ढोलकी दणदणीत आणि बाई जणू विहिरीत.

"भाऊ, मले दहा मिनिटं द्या," मी स्टुडिओच्या मालकांना म्हटलं.

"वैशाली, कायले वाद घालून राह्यली? पार्टी मोठी हाय. बाईचा ट्रॅक उडव."

"मी नाही उडवत. तुम्हीच उडवा. बाईंच्या तोंडाकडं पाहून उडवा."

भाऊंनी माऊसला हात लावला नाही.

मी फाइल उघडली. बाईंच्या आवाजावर फेज सरकवणारा प्लगिन, म्हणजे आवाज बदलणारं छोटं सॉफ्टवेअर, लावलेला. आवाज म्हणजे हवेचं पुढं-मागं होणं. हा प्लगिन ते थोडं आधी-नंतर सरकवतो; एकशेऐंशी अंशांवर ते पूर्ण उलटं होतं. साहेबांनी उजवी बाजू एकशेसाठ अंश फिरवली होती. हेडफोनमध्ये दोन कान वेगळे, म्हणून आवाज छान पसरतो. भोंगा एकच. तिथं दोन्ही बाजू एकत्र येतात आणि एकमेकींना मारतात. एकाच झोक्याला दोघांनी समोरासमोरून ढकललं तर तो हलेल कसा?

"हे काहून केलं, साहेब?"

"मोठ्या स्टुडिओत असंच करतात."

"करत असतील. आमची गाणी भोंग्यावर वाजतात."

मी नॉब शून्यावर आणला, गाणं पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तडक ऑटो गाठला. पहिल्याच ओळीला पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली.

शेवंताबाई दारात आल्या. "हा माह्याच आवाज हाय ना? मले वाटलं, गेलाच." त्यांचे डोळे भरले. माझेही भरले, पण रागानं.

गाणं त्यांच्याच नावानं निघालं. मिक्सिंगखाली साहेबांनी आपलं नाव टाकलं, टाकोत बापडे. आवाज दबलेला वाटला, तर आधी प्लगिन तपासावा. गळ्याला नावं ठेवायला वेळ कायमच असतो.