सोडा, ओवा आणि घरची बिडी

आमच्या गल्लीत बायकोचा नवऱ्यावर किती जीव आहे, हे त्याच्या तोंडातली बिडी बघून कळायचं. कारखान्यासाठी वळलेल्या बिड्या सगळ्या एकसारख्या, तंबाखू बेतानं भरलेली. घरच्या माणसाची बिडी मात्र निराळी. पान निवडून घेतलेलं, तंबाखू सढळ हातानं भरलेली आणि बांधायला लाल दोरा. सोलापुरात तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, आमच्या बाजूला पुरुष मागावर आणि बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला, असा सरळ हिशेब होता.

घरच्या बिडीत माझ्या चुलतीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला आम्ही मोठी आई म्हणायचो. थोरले चुलते तिच्या हातची बिडी अशा तोऱ्यात ओढायचे की शेजारचे तेलुगू विणकर आपापल्या बायकांकडे तक्रारीच्या नजरेनं बघायचे. चुलते बोलके, दणकट, खाण्यापिण्याचे शौकीन. रश्श्यावर तर्री पाहिजे आणि तर्रीवर पुन्हा शेंगाचटणी. डॉक्टरची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

शेवटी शेवटी त्यांना सुताचं गाठोडं घेऊन जिना चढताना छातीवर दडपण यायचं, डावा हात भरून यायचा. घरात निदान तयारच होतं: गॅस. मोठी आई ओवा आणि काळं मीठ हातावर द्यायची. कोपऱ्यावरचा सोडावाला गोटीची बाटली फोडायचा. एक खणखणीत ढेकर आला की सगळ्यांना हायसं वाटायचं. दर संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा संपली त्याच आठवड्यात ते न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसले आणि कुणाची तरी नक्कल करून दाखवता दाखवता त्यांनी मान टाकली. न्हावी बिचारा बराच वेळ हसत होता. त्याला वाटलं, ही पण नक्कलच. माणूसच तसा होता.

मग गल्लीनं कारणं शोधली. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं नजर. चहावर गार पाणी प्यायले असतील, असंही एकीनं ठामपणे सांगितलं. या शोधकार्याचा मला अजून राग येतो. त्यात कुणाला तरी आठवलं की माझे आजोबाही मंद्रूपच्या बाजूला शेतात काम करता करता बांधावर टेकले ते उठलेच नव्हते, आणि तेही पन्नाशीच्या आत. झालं! "ह्यांच्या घरात पुरुषाला पन्नाशी न्हाई," हे वाक्य आमच्या उंबऱ्यातून आत आलं आणि पाहुण्यासारखं मुक्कामाला राहिलं. मी पडले मुलगी; आता घरात पुरुष एकच उरला होता, माझे वडील. अण्णा थोरल्या भावापेक्षा चार वर्षांनी लहान. मोठ्या आईनं कुणाला न विचारता हिशेब घातला: चार गड्डे पार पडले की अण्णा भावाच्या वयाच्या पुढे जाणार. तोवर तिच्या जिवाला घोर.

दुसरा गड्डा झाला आणि अण्णांचा सोडा वाढला. रेल्वेच्या पुलावर सायकल ढकलताना ते मधेच थांबायचे, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मोठी आई आणि मी कारखान्यात बिड्या पोचवायला निघालो होतो, तर हे सोडावाल्यापुढे एक हात छातीवर आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन उभे. मोठ्या आईनं बाटली हिसकावून गटारीत ओतली.

"वैनी, गॅस हाय नुस्ता."

"तुमच्या दादास्नी बी गॅसच हुता. चला डाक्टरकडं."

"संध्याकाळी जाऊ की."

"संध्याकाळ कुणी बघितलीया? चला म्हन्ते न्हवं!"

कमरेवर बिड्यांची पाटी घेऊन ती पुढे, सायकल धरून अण्णा मागे, आणि त्यांच्या मागे मी. डी.एड.ला असल्यामुळे मला वरातीत चालायची लाज वाटत होती.

डॉक्टर वयस्कर आणि सावकाश बोलणारे होते. त्यांनी अण्णांना असे प्रश्न विचारले, जे चुलत्यांना कुणीच विचारले नव्हते. वडील कशानं गेले? भाऊ? चढ चढला की दुखतं आणि थांबलं की राहतं का? कधी चक्कर येऊन पडलात का? बिड्या किती? मीठ, चटणी? दंडाला पट्टी गुंडाळून रक्तदाब बघितला आणि भुवया वर केल्या. मग मोठ्या दवाखान्यात नेऊन छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढून आणायला लावली.

ती पट्टी बघून डॉक्टर म्हणाले, "हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद होत जातात. बरीच वर्षं कळतही नाही. मग एखाद्या दिवशी रक्त कमी पडतं, ठोक्याची लय बिघडते, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे जायचं थांबतं. माणूस बोलता बोलता जातो."

"म्हंजे माग चालूच, पर सूत न्हेणारा धोटा फिरंना," अण्णा म्हणाले. डॉक्टरांना ते इतकं आवडलं की त्यांनी मान डोलावली.

मोठी आई कोपऱ्यात उभी होती. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "मग डाक्टर, आमचं मानूस माज्या हातच्या बिडीनं गेलं का?"

मला वाटलं, नाही म्हणा हो. डॉक्टरांनी चष्मा काढला. "एकट्या बिडीनं नाही, बाई. वडिलांकडून आलेलं असणार. रक्तदाबही असेल, पण तो कुणी मोजलाच नाही. दुखण्याला गॅस म्हणून सोडून दिलं. पण बिडीचाही वाटा होता. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

ती रडली नाही. "मग ह्येंची बिडी आजपास्नं बंद," एवढंच म्हणाली.

बिड्यांच्या घरात बिडी बंद! हलवायाच्या पोराला साखर बंद करण्यातला प्रकार. मोठ्या आईनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना तंबी दिली, पानपट्टीवाल्याला दम भरला. अण्णांना एकाएकी होटगीच्या पाहुण्यांची फार आठवण यायला लागली. तिकडून परत आले की पेरूचा पाला चघळत यायचे. मोठी आई दारातच वास घ्यायची आणि सरळ जेवणाचं ताट उचलून आत न्यायची. अळणी आमटी समोरून गेल्याचं दुःख अण्णांना नसावं, पण भुकेचं होतं.

एकदा चिडून ते म्हणाले, "आनि तुमी दोगी जावा सकाळ-दुपार मिस्री घासता, ती काय गुळाची असती?"

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! माझ्या आईनं मिश्रीची डबी पदराखाली लपवायचा प्रयत्न केला, पण मोठ्या आईनं ती काढून घेतली आणि दोघींच्या डब्या चुलीत घातल्या. त्यानंतरचे दिवस आठवले तरी हसू येतं. तिघांचीही तलफ अडलेली, तिघंही एकमेकांवर खेकसणारी. मांजरसुद्धा आमच्या घरातून शेजारी राहायला गेलं. पण अण्णांची होटगीची ओढ कमी झाली, सायकलवरचा दमही हळूहळू सुधारला. डॉक्टरांनी दिलेली जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असायची, ती लागायचं प्रमाणही कमी झालं.

मोठ्या आईला मग चटकच लागली. गल्लीत कुणी छातीवर हात ठेवला की ही डॉक्टरांचे प्रश्न घेऊन हजर. "बाप कशानं गेला रं तुजा?" असं ती भर रस्त्यात विचारायची. लोक वैतागायचे. एक-दोघं निमूट डॉक्टरकडे गेले आणि गोळ्या घेऊन आले. सोडावाला तिच्याशी बोलेनासा झाला.

चौथा गड्डा आला. आम्ही सगळे जत्रेला गेलो, पण मोठी आई पाळणे बघत नव्हती, अण्णांची पाठ बघत होती. जत्रा उठली. चुलते गेले तो आठवडाही सरला. एका सकाळी अण्णा सुपापुढे बसलेल्या तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"वैनी, आता मी दादापेक्षा थोरला झालो. पाया पडा माज्या."

ती हसली. चुलते गेल्यापासून असं मोकळं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि माझेही.

"थोरलं त्येच," ती म्हणाली. "तुमी आपलं नुस्तं म्हातारं व्हा."

अण्णांनी तिचं तेवढं ऐकलं.