जाहिरातीत चालू झालेली कंपनी

दहावीचा निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी बाबा मला न्यायला गावी आले. मुंबईची एसटी फाट्यावर दुपारी यायची, पण आम्ही न्याहारी करूनच निघालो. कुठेही वेळेच्या आधी जाऊन उभं राहायची बाबांची कंपनीतली सवय. आई डोक्यावर तांदळाचं बोचकं घेऊन पुढे, मागे माझी धाकटी बहीण नलू, तिच्यामागे मी. एरवी रजा संपवून बाबा निघत तेव्हा आई घरापुढच्या खळ्यातूनच बघत राहायची. त्या दिवशी ती फाट्यापर्यंत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "माका वाचूक येणा नाय, तरी तू कागद धाड. मास्तरांकडसून वाचून घेईन." मग गाडी थांबली, आणि बोचकं वर चढवायच्या गडबडीत तिच्या पाया पडायचं राहून गेलं.

आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या अंकात दरवर्षी गाव सोडून आलेल्यांपैकी कोणीतरी लिहितं. यंदा मला सांगितलं, तू कॉलेजात जातेस, तू लिही. मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. पण गावात अजून माझ्या बाबांना 'टीव्हीवाले' म्हणतात. टीव्हीत खोटं दाखवून बायकोला मुंबईला आणलं, असं हसत हसत एकमेकांना सांगतात. मागच्या मे महिन्यात मी ते स्वतः ऐकलं आणि गप्प बसले. म्हणून जे झालं ते इथे लिहिते. चूक कोणाची होती, तेही लिहिते.

मुलुंडला बाबा त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे राहत. चाळीत एकच खोली, तीत आत्या, बाबा आणि आता मी. बाबांची कंपनी आग्रा रोडला होती. ट्रकचे सुटे भाग बनायचे. बाबा गिअर कापायच्या मशीनवर होते. अकरा वर्षं एकच मशीन. दुसरी खोली मिळाली की आईला आणि नलूला आणायचं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

मी येऊन सहा महिने झाले असतील. एका सकाळी बाबा फर्स्ट शिफ्टला गेले आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आले. गेटवर टाळेबंदीची नोटीस लागली होती. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं झाली होती आणि चाळीतले निम्मे पुरुष त्यात घरी बसलेले होते, त्यामुळे कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. आत्याने फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. कामगारांनी गेटबाहेर मंडप घातला आणि बाबा कामाला जावं तसे रोज आठ तास तिथे जाऊन बसू लागले. मी आईला पत्र लिहिलं. बाबा सांगत होते तसंच लिहिलं, की कंपनी बंद आहे, चालू झाली की लगेच तुम्हा दोघींना घेऊन येतो. हे वाक्य मी पुढच्या प्रत्येक पत्रात लिहिलं. वर्षभरानंतर ते लिहिताना मला बाबांच्या तोंडाकडे बघावं लागत नसे.

पुढच्या वर्षी, होळीच्या सुमारास, मंडपात एक दाढीवाला तरुण साहेब आला. एका नव्या मोटारगाडीची जाहिरात काढायची होती. त्याला आपल्या शहराचं कौतुक करायचं होतं, कामगारांचं, मशीनांचं, भोंग्याचं. मालकांनी एका दिवसासाठी कारखाना त्याला दिला होता. त्याला खरे चेहरे हवे होते. फक्त मंडप कॅमेऱ्यात येत होता, म्हणून तेवढा एक दिवस उतरवाल का, असं त्याने विचारलं.

त्यावरून मंडपात भांडणं झाली. जे गेट आपल्याला बंद, ते नाटकासाठी ओलांडायचं का, असं बरेच जण म्हणाले. बाबांच्या शेजारच्या मशीनवर दळवीकाका होते. ते म्हणाले, "जाऊ रे. निदान कँटीनच्या मांजरी जिवंत आहेत का बघून येऊ." शेवटी तीसेक जण गेले, बाकीचे रागाने घरी गेले. बाबा जातील असं मला वाटलं नव्हतं. आत्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "चवदा महिने मशीनीक तेल नाय. बघून तरी येतंय."

आत्याने त्यांना इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता, पण तिथे सगळ्यांना नवे कोरे निळे कपडे घालायला दिले आणि संध्याकाळी परत घेतले. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या नखांत काळं तेल होतं.

जाहिरात एका रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या आधी लागली. चाळीत टीव्ही पाटणकरांकडे होता. आत बायका, दारात पुरुष, गॅलरीत मुलं. भोंगा वाजला, आमचं गेट उघडलं, निळ्या कपड्यांतली माणसं डबे घेऊन आत शिरली. मग एकदम बाबांचा चेहरा आला, टीव्हीभर. बाबांनी मशीनला हात लावला, तो कपाळाला लावला आणि क्षणभर डोळे मिटले. मशीन फिरलं. बाहेर आग्रा रोडवरून लाल गाडी निघाली आणि एक भारदस्त आवाज हिंदीत म्हणाला, हे शहर थकत नाही, आणि आमची गाडीही.

आधी शिट्ट्या झाल्या. "झकास! हिरो झालास रे!" असं कोणीतरी बाबांच्या पाठीत मारलं. दळवीकाकांची नुसती पाठ दिसली होती. ते म्हणाले, "ठीक आहे, आमच्या पाठीला तरी काम मिळालं." मग म्हणाले, "पण ह्याला कोणी सांगितलं, शहर थकत नाही म्हणून? पाठवा त्याला इकडे, दाखवतो." सगळे हसले. हसणं थांबल्यावर पाटणकरांचा थोरला, जो गिरणीत होता, हळूच म्हणाला, "त्या गाडीचा एक नट तरी तुमच्या कंपनीत झालाय का, दादा?" बाबा म्हणाले, "नाही." आणि चपला घालून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मंडपात, जे शूटिंगला गेले नव्हते त्यांनी बाबांसाठी जागा केली नाही. बाबा कडेला रस्त्यावर बसले.

कॉलेजात सगळ्यांना जाहिरात फार आवडली. माझी मैत्रीण मेधा म्हणाली, "तो मशीनच्या पाया पडणारा अ‍ॅक्टर कोण आहे ग? कसला खरा वाटतो ना!" मी म्हटलं, माहीत नाही. का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. अभिमान वाटत होता आणि लाजही वाटत होती. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते मला कळलं नाही.

जाहिरात लागली त्याच संध्याकाळी बाबांनी बाहेरून आल्यावर मला आईला पत्र टाकायला सांगितलं होतं, "आवशीक लिही. ता खरा नाय, नुसता चित्र काढलेला म्हणून लिही." त्याच वर्षी तालुक्याला टीव्हीचा टॉवर झाला होता आणि गावात मास्तरांनी टीव्ही घेतला होता. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं. मी म्हटलं, "बाबा, त्यात काय लिहायचं? जाहिरात आहे हे कोणालाही कळतं." माझी परीक्षा चालू होती. मला जरा चीडही आली होती, की मला एवढी पुस्तकं वाचायची आहेत आणि हे काय सांगतात. बाबा म्हणाले, "तरी लिही." मी हो म्हटलं. सोमवारी लिहिलं नाही, मंगळवारी लिहिलं नाही. मग विसरले.

गावात त्याच रविवारी मास्तरांच्या ओटीवर चाळीसेक माणसं होती. नलूने मला नंतर सगळं सांगितलं. बाबा दिसल्यावर लोक ओरडले, "कंपनी चालू झाली!" आईने मास्तरांना विचारलं, परत कधी दाखवतील? ती आठ दिवस थांबली. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन पुढे बसली, पुन्हा बघितलं. ते आठ दिवस ती पत्राची वाट बघत होती, असं नलू म्हणाली. मी सोमवारी टाकलं असतं तर ते शुक्रवारपर्यंत पोहोचलं असतं.

त्यानंतर तिने खंडाने घेतलेले भातशेतीचे चार कुणगे मालकाला परत केले, पेरणी यायच्या आधीच. ते मिळायला तिला किती वर्षं लागली होती, हे आपल्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. म्हैस जावेला देऊन टाकली. आणि नलूला घेऊन निघाली.

शनिवारी दुपारी मी कॉलेजातून आले तर दोघी गॅलरीत उभ्या होत्या. ट्रंक होती, गोधड्या होत्या, आणि पाटा-वरवंटा होता. पाटा-वरवंटा घेऊन कोणी चार दिवसांसाठी येत नाही. दार उघडं होतं, बाबा बनियनवर तांदूळ निवडत बसले होते. आईने आत पाऊल टाकलं आणि विचारलं, "आज सुट्टी काय?"

बाबांनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाले, "कंपनी बंद आसा."

"मगे टीव्हीत?"

"ता नाटक होता."

आई खाली बसली. बराच वेळ ट्रंकेच्या कडीशी तिचे हात काहीतरी करत होते. मग म्हणाली, "लोकां काय ती सांगूदेत. पण तुमी मशीनीच्या पाया पडलात. तुमी खोट्याक हात जोडूचे नाय, म्हणान मी इलंय."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना सांगायचं असेल की ते खोटं नव्हतं. चौदा महिन्यांनी बघितलेल्या मशीनला त्यांनी खरंच नमस्कार केला होता, कॅमेरा कुठे आहे हे त्यांच्या लक्षातही नसेल. पण त्यांनी तसं काही सांगितलं नाही.

आई म्हणाली, "एक कागद धाडूक काय झालेला?"

बाबांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्याला अजून कॉलेजची पिशवी होती. मग ते म्हणाले, "इसारलंय मी."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पिशवी खुंटीला लावली आणि नलूला पाणी द्यायला गेले.

कंपनी पुढे चालू झाली नाही. मशीनं विकली गेली, जागा विकली गेली. बाबा एका सोसायटीत वॉचमन झाले. आत्याच्या खोलीत आम्ही पाच जण झालो. गावी परत जायचं तर करायला शेत नव्हतं. आई टिचबटणं कार्डावर लावायचं काम घरी आणू लागली, मुलुंडच्या एका लहान कारखान्यातून. तिला इथलं पाणी मानवलं नाही, इथले लोक लवकर बोलतात ते तिला समजत नसे. जड झालं की ती बाबांना बोलायची. एका कागदासाठी माझा सगळा गेला, असं म्हणायची. बाबा ऐकून घ्यायचे आणि ड्युटीला जायचे. मी अभ्यास करत बसलेली असायचे. तीन वर्षं हे असं चाललं. बाबांनी मला त्यावरून एका शब्दानेही काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

अंकासाठी लिहायला बसले तेव्हा कळलं, की गावाला सांगायच्या आधी आईला सांगायला हवं. बाबा ड्युटीवर होते. मी तिला सगळं सांगितलं, जाहिरातीची संध्याकाळ, बाबा काय म्हणाले, मी काय म्हणाले. तिचा हात थांबला. मग तिने हातातलं कार्ड पुरं केलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तीन वर्षां मी तेंका बोललंय. आणि तू आयकत बसलंस."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायच्या वेळी ताट माझ्यासमोर ठेवायची, हाक मारायची नाही. बाबांना काहीतरी झालंय एवढं कळलं, पण त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना ती म्हणाली, "लिहिलंस काय?"

मी म्हटलं, "अजून नाही."

"लिहितंस तर नीट लिही. मी टीव्ही बघून नाय इलंय. अठरा वर्षां त्या घरात एकटी आसलंय. माका येवचाच होता. निमित्त गावला, इलंय. कोणी माका फसवूक नाय, असा लिही."

मी विचारलं, "खरंच, आई?"

"तुका काय करूचा हा? तू लिही."

म्हणून लिहिलं आहे. हे खरं आहे की बाबांचं नाव गावात राहावं म्हणून, की मला हलकं वाटावं म्हणून ती बोलली, ते मला कळत नाही. कॉलेजात शिकूनही कळत नाही. जे गावी आहेत त्यांना आमचं घर अजून तिकडे आहे असं वाटतं, कौलं बदला म्हणून निरोप येतात. मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं, की मुलुंडला आम्ही थांबलो आहोत आणि घर तिकडे आहे. आता तसं वाटत नाही. इथे आनंद आहे असं नाही. सगळे दमलेले असतात. पण जिने हक्काने रागवावं ती इथे आहे, आणि ज्यांनी माझी चूक आपल्या नावावर घेतली ते इथे आहेत.

काल बाबा ड्युटीवरून आल्यावर मी त्यांना विचारलं, आई म्हणते तिला यायचंच होतं, तुम्हाला काय वाटतं? ते पाय धूत होते. आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ती सांगता, तर तसाच आसतला."

आतून आई म्हणाली, "पाणी सांडू नका, बसा जेवूक."