दुसरं कडवं

काल मुलीच्या मोबाइलवर एका जुन्या मालिकेचं शीर्षकगीत वाजलं आणि माझ्या नाकात एकदम सत्यनारायणाच्या शिऱ्याचा वास भरला.

लालबागच्या आमच्या चाळीत पूजेला त्या मालिकेची नायिका आली होती. गाणं तिनंच गायलेलं, म्हणून माइक तिच्या हाती दिला. मिनिटभरात गाणं संपलं. "पूर्ण म्हणा!" सगळे ओरडले. "एवढंच आहे हो," ती कसनुसं हसली. कुणीतरी शिट्टी मारली, तसे तिचे डोळे भरून आले.

पेटीवर माझे बाबा होते, भजनमंडळाचे बुवा. "थांब गो बाय, फुडचा मी म्हणतंय," ते म्हणाले आणि त्याच चालीवर तिथल्या तिथे कडवं रचून गायले. तीही हसून त्यांच्यामागून म्हणू लागली. टीव्हीचं गाणं बाबा भजनासारखं आळवतायत, म्हणून मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खांबाआड कानांवर हात दाबून उभी राहिले.

आता बाबा नाहीत.

"संपलं गं आई, एवढंच आहे," मुलगी म्हणाली.

"नाही, अजून एक कडवं आहे."

"मग म्हण ना!"

चाल ओठांवर आली. शब्द मी ऐकलेच नव्हते.