जर्मनची होडी

मी फिटर आहे आणि पत्र्याच्या कामात मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या होडीच्या कामात मी एकदा सपशेल तोंडावर पडलो आणि तेही सांगायचं आहे.

साठच्या दशकात तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. मी साताऱ्याकडून तिथे कामाला आलो आणि जवळच्या दांडी गावात एका मच्छीमार कुटुंबाच्या पडवीतली खोली भाड्याने घेतली. घरात म्हातारा, त्याची बायको आणि माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा मुलगा. त्यांना मी काका, काकी आणि दादा म्हणायचो. काका मला घाटी म्हणायचे. मी त्यांच्या हातची भाकरी आणि कालवण खाऊन वर्ष काढलं तरी घाटीच राहिलो.

काकांना ऐकू येईनासं झालं होतं. मी यायच्या आधी एकदा भर समुद्रात शिडाचा दोर सुटला. दादा मागून जीव तोडून ओरडला, काकांना कळलं नाही आणि शिडाची काठी त्यांच्या खांद्यात बसली. खांदा बरा झाला, पण दादाने सांगून टाकलं, "बाबा, तुमी आता घरी बसा." दादाचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. फक्त होड्या निघायची वेळ झाली की ओट्यावर जाळं विणत बसलेले काका उठून घरात जात. पाणी प्यायला, तपकीर शोधायला, काहीतरी निमित्त असे. होड्या गेल्या की परत बाहेर येऊन बसत.

बांधकामावर परदेशी साहेबांनी समुद्राची खोली मोजायला एक अ‍ॅल्युमिनियमची लहान होडी आणली होती. ती एका वादळात खडकावर आपटली आणि भंगारात जाऊन पडली. नाक वाकडं, बुडाला तीन चिरा, पत्रे जोडणारे रिव्हेट निम्मेअधिक हललेले. येता-जाता मला ती दिसायची आणि हात शिवशिवायचे. शेवटी साहेबाला विचारलं. तो हसला आणि नेण्याचा कागद लिहून दिला. मी ती बैलगाडीवर घालून दांडीला आणली. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या पलीकडे, काकींच्या अंगणात, ती पालथी टाकली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं.

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. काकांनी होडीभोवती एक फेरी मारली, बोटाने टिचकी मारून पाहिली, आणि म्हणाले, "घाट्या, हा तर जर्मनचा पातेला हाय. यात भात शिजव."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, थांबा तुम्ही.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी झावळ्यांच्या मांडवाखाली माझं काम सुरू झालं. नाक लाकडी हातोड्याने ठोकून सरळ केलं. चिरांवर आतून-बाहेरून पत्र्याच्या पट्ट्या घातल्या. खरी मेहनत रिव्हेटांची होती. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. बाहेरून एक हातोडा मारतो आणि आतून दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो. होडी पालथी, म्हणजे ठोकळेवाला तिच्या पोटात बसणार. बांधकामावरचा एक मित्र मोठ्या उत्साहाने आत शिरला आणि दहाव्या घावाला कानांवर हात ठेवून बाहेर आला. दुसऱ्या रविवारी दुसरा आला, तोही टिकला नाही. आत म्हणे डोक्यात घण घातल्यासारखं होतं.

काका ओट्यावरून हे बघत होते. जाळं बाजूला ठेवून आले आणि गुडघे मोडत होडीखाली शिरले. "हान," म्हणाले. "मला काय, मला वाजतच नाय."

तेव्हापासून आमची जोडी जमली. काका आत बसून ठोकळा धरत आणि कपाळ पत्र्याला टेकवून ठेवत. मला वाटलं, मान दुखत असेल. तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला, "चौथा ढिला हाय."

मी होडीच्या कडेशी, माझं तोंड त्यांना दिसेल असा वाकून ओरडलो, "शक्यच नाही!"

"ढिला हाय. काडून बघ."

मी तो छिन्नीने तोडला, केवळ त्यांचं तोंड बंद करायला. आतलं भोक मोठं झालेलं होतं आणि रिव्हेट नुसता टोपी घालून बसला होता. पुढे आणखी दोनदा असंच झालं. तिसऱ्या वेळी मी सरळ छिन्नी घेतली. कान गेलेल्या माणसाला हे कसं कळतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी माझ्या कामावर खूश होतो.

नारळी पौर्णिमेनंतर काकींनी होडीला हळदकुंकू लावलं आणि आम्ही ती खाडीच्या तोंडाशी पाण्यात घातली. थेंबभर पाणी आत आलं नाही. मी वल्ही मारत होतो आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं. काका पुढे नाकाशी पालथे पडून जबडा पत्र्याला लावून राहिले. गळती शोधत असतील, असं मी धरून चाललो. किनाऱ्यावर आल्यावर दादा म्हणाला, "होडी बरी हाय, पन लय वाजते. लाटा थपथप लागतात. मासे पलतील सगले."

हे मात्र खरं होतं. मग मी आठ दिवस खपून होडीचं तोंड बंद केलं. आतून बुडावर गोणपाट, त्यावर काथ्याचे दोर, त्यावर फणसाच्या फळ्या, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. एक बोटभर पत्रा उघडा ठेवला नाही. सफाई अशी की दादाने स्वतः हात फिरवून पाहिला.

आम्ही पुन्हा पाण्यात गेलो. होडी गपगुमान चालली. काका नाकाशी वाकले, फळीवर जबडा टेकवला, उठले, जरा सरकून परत टेकवला. मग सरळ बसून राहिले. किनाऱ्याला लागताच उतरले आणि मागे न बघता घरी गेले. मी इतकं केलं आणि एक शब्द कौतुकाचा नाही! मला रागच आला. काकी मासळी निवडत बसल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन मी तो काढला.

काकींनी हातातली सुरी खाली ठेवली. "घोल म्हाईत हाय ना तुला?" घोळ हा मोठा मासा, त्याचं मोल तिथल्या सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. गावात त्याला घोल म्हणतात. "ती बोलते पान्यात. घुर्र घुर्र करते. यांचा बाप वल्हा पान्यात घालून त्याला कान लावून ऐकायचा, तेनीच यांना शिकवला. जाला कुठं टाकायचा ते अख्खा गाव यांना इचारायचा. कान गेले, तसा कोन इचारत नाय. पयल्या दिशी तुझ्या होडीतून आले ना, तर मला बोलले, घोल बोलली. हाडातून आली, बोलले." त्यांनी सुरी परत उचलली. "तू आता तिच्यावर फल्या ठोकल्यास."

मला माझीच लाज वाटली. पालथ्या होडीत हा माणूस महिनाभर कपाळाने ऐकत होता. रिव्हेट त्याने तसेच ओळखले होते. मी त्याच्याच हातून होडी घट्ट करून घेतली आणि मग त्याला ऐकायला मिळालेली एकुलती एक जागा गोणपाटाने बुजवून टाकली, तीही सफाईदारपणे.

त्याच दुपारी मी पहार घेऊन पुढच्या फळ्या उचकटल्या. दोर काढला, गोणपाट काढलं. जबडा आणि हात मावेल एवढा पत्रा उघडा ठेवला, त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि काकांना हाताला धरून दाखवला. त्यांनी अंगठ्याने कड तपासली. "आता होडी झाली," म्हणाले.

चार दिवसांनी समुद्र शांत होता. दुपार कलताना आम्ही खाडीबाहेर होतो आणि दादाची मोठी होडी थोड्या अंतरावर. सकाळपासून त्याच्या जाळ्यात काही लागलं नव्हतं. काका उघड्या पत्र्यावर जबडा ठेवून पडले होते. त्यांनी हात वर केला तसं मी वल्हवणं थांबवलं. मग त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि माझं डोकं धरून पत्र्याला लावलं. आधी नुसतं पाणी. मग अगदी बारीक घरघर, कानात नव्हे, दातांच्या मुळाशी.

दादा बघत होता. त्याने शीड उतरवलं आणि होडी हळूहळू आमच्या बाजूला आणली. तो ओरडला नाही. वाकून त्याने बापाच्या खांद्यावर, त्या मार लागलेल्या खांद्यावर, हात ठेवला, आणि ओठ दिसतील असा समोर येऊन सावकाश विचारलं, "बाबा, जाला कुठं टाकू?"

काकांनी लगेच सांगितलं नाही. त्यांनी मुलाला चांगलं ताटकळत ठेवलं, परत जबडा टेकवला, डोळे मिटले, आणि मग खडकांच्या बाहेरच्या अंगाला बोट केलं. दादाने तिथेच जाळं टाकलं. ते ओढायची वेळ आली तेव्हा त्याला मला हाक मारून मदतीला घ्यावं लागलं, इतकं जड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी होड्या निघायच्या वेळी काका घरातच होते. पण दादा ओट्यासमोर खोळंबून उभा होता, आणि काका आतून त्याला ओरडून सांगत होते, "थांब जरा, टोपी शोधतो."