बाकी शून्य होती

अकोल्याच्या शाळेत मी बीजगणित शिकवत असे. एका वर्षी मी शेष सिद्धांत वर्गाला चुकीचा शिकवला. क्ष अधिक दोनने भागल्यावर काय उरते हे काढायला क्षच्या जागी उणे दोन ठेवतात. मी अधिक दोन ठेवायला लावले. मॅट्रिकला कोणाला बसवायचे हे शाळेच्या परीक्षेवरून ठरे. तीत तसेच उदाहरण आले. सगळ्यांनी माझ्याप्रमाणे बाकी सोळा काढली. पातूरच्या एका माळ्याच्या मुलाने मात्र शून्य लिहिले. मी ते खोडले आणि तेवढ्याच गुणांनी तो नापास झाला.

"मास्तर, म्या पुरा भागाकार करून पायला," तो वर्गात म्हणाला. "बाकी उरतच नाई. मंग मले काहून चूक देल्ली?"

"वांगी तोलण्याइतकं सोपं नाही ते," मी म्हणालो. सगळा वर्ग हसला.

घरी जाऊन मीही पुरा भागाकार केला. बाकी शून्य आली. मॅट्रिकला बसणाऱ्यांची यादी अजून लागायची होती. पण हेडमास्तरांना सांगितले असते तर सगळ्यांचे पेपर पुन्हा तपासावे लागले असते, आणि सोळा लिहिणाऱ्यांत वकिलांची मुले होती. मी गप्प बसलो. यादी लागली, आणि तो पुन्हा शाळेत आला नाही.

पुढे अमरावतीला मी हाच सिद्धांत कितीतरी वर्षे बिनचूक शिकवला. पातूर काही फार लांब नव्हते. त्याच्या मळ्यात जाऊन 'तुझेच उत्तर बरोबर होते' एवढे सांगणेही माझ्याने झाले नाही.